गच्चीसमोरची भिंत

ता. ८ जानेवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. कैद्यांनी चोरून फोन करू नयेत म्हणून तुमच्याकडे बसवलेलं यंत्र साहेबांच्या बायकोचाही आवाज बंद करतं, मग बारकीने करायचं काय? कागद काढला.

बातमी अशी की तुझी बहीण आता तुरुंगात जाणार आहे. आधी पूर्ण वाच, मग कपाळाला हात लाव. न्यायालयाने इथल्या तुरुंगासाठी पाहणी समिती नेमली आहे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, सोबत एक डॉक्टर आणि एक ‘सामान्य नागरिक’. ती सामान्य मी. न्यायाधीश माझं जुनं गिऱ्हाईक. चष्म्याचा नंबर काढताना त्यांच्या मांडीवर या समितीची फाइल होती आणि मी त्यांना अक्षरं वाचायला सांगायचं सोडून फाइलबद्दलच विचारत बसले. शेवटी ते म्हणाले की एवढे प्रश्न असतील तर दुकानात बसून काय करताय, आत येऊन विचारा.

आत जाण्याआधी वाचायला म्हणून नियमांचं पुस्तक दिलंय. माझी समजूत होती की त्यात कैद्यांनी काय काय करायचं नाही ते असणार. तेही आहे, पण निम्मं पुस्तक त्यांना काय द्यायलाच हवं याबद्दल आहे. निजायला स्वतःचं अंथरूण, ऋतूप्रमाणे पांघरूण, वाचता येईल एवढा उजेड, हवा, पाणी, आजारी पडलं तर डॉक्टर, घरच्यांची पत्रं, भेट. एका वाक्यावर मी अडकले. माणसाला कोंडलं हीच त्याची शिक्षा, तुरुंगाने तिच्यात पदरची भर घालायची नाही, अशा अर्थाचं. समोर गिऱ्हाईक फ्रेम हातात धरून उभं होतं आणि मी तेच पुन्हा वाचत होते.

तू तर तुरुंगाधिकाऱ्याची बायको, लग्न झाल्यापासून तुरुंगाला खेटून राहतेस. घरचाच वैद्य असताना मी बाहेर कशाला विचारू? म्हणून सांग, आतल्या लोकांना आंघोळीला पाणी पुरतं का? पांघरूण ज्याचं त्याला असतं की येईल ते? तक्रार असली तर सांगायची कुणाला? आणि तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिही, भाऊजींचं छापील उत्तर नको.

माया आहेच, पत्र लांबलचक लिहिलंस तर तीत भर पडेल.
तुझी,
बारकी


ता. १९ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग जरा ओशाळले. तू लिहितेस, तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिही. अगं, मी कधी आत गेलेच नाही. इतक्या बदल्या झाल्या, दर वेळी गाव नवं आणि भिंत तीच, पण त्या भिंतीच्या अलीकडेच माझा संसार. माझ्यापुरता तुरुंग म्हणजे पहाटेची घंटा, मोजणीचा गलका आणि संध्याकाळी दाराशी काढलेले ह्यांचे बूट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आईने तुला प्रश्नांची पेटी म्हणायचं आणि मला शहाणी म्हणायचं, त्या शहाणपणाचा अर्थ आता कळतोय.

तरी तुझं काम म्हणून जेवताना ह्यांना विचारलं. पहिल्यांदा मला वाटलं, ऐकूच आलं नाही. मग म्हणाले की पाणी पुरतं, फक्त उन्हाळ्यात पाळी लावावी लागते. पांघरुणं धुऊन पुन्हा वाटतात, ज्याचं त्याला असं नाही. मी विचारलं की एखाद्याला खरूज असेल तर? ते जेवायचे थांबले आणि म्हणाले की आज तुला झालंय काय. दुसऱ्या दिवशी मात्र, न विचारता, बूट काढता काढता सांगितलं की दवाखान्यातली पांघरुणं वेगळी ठेवायला लावली आहेत. म्हणजे काल वेगळी नव्हती. मी फक्त चहात साखर जरा जास्त घातली.

तक्रारीचं विचारलं तेव्हा ते अभिमानाने म्हणाले की पेटी लावली आहे आणि ते आल्यापासून तिच्यात एकही चिठ्ठी पडलेली नाही. पेटी कुठे लावली आहे, असं मी सहज विचारलं. तर म्हणे ऑफिसच्या दाराला, पहारेकऱ्याच्या खुर्चीच्या वर. किल्ली त्याच पहारेकऱ्याकडे. मला हसू आवरेना. हे रागावले. पण रात्री दिवा मालवल्यावर अंधारात तेही हसले, मी ऐकलं.

बाकी ठीक. बागेतले गुलाब यंदा असे फुललेत की येणारा-जाणारा थांबतो. श्रेय माझं नाही, आमच्या माळ्याचं. मितभाषी माणूस, पण त्याचा हात लागला की काठीलाही पालवी फुटेल. तुझ्या दुकानासाठी एक कलम देईन म्हणते.

प्रकृतीला जप, आणि तुरुंगात जाताना पायात धड चपला घाल.
तुझी,
ताई


ता. २ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. काय सांगू, पहिला तासभर मी फक्त रंगाचा वास घेत होते. आम्ही येणार म्हणून भिंती रंगवल्या होत्या, आणि माझ्या पदराला जो पिवळा पट्टा लागला तो अजून निघत नाही. न्यायाधीश म्हणाले की हाच आपला पहिला पुरावा, साडी धुऊ नका.

तुरुंगवाल्यांनी ठरवलेल्या वाटेने आम्ही निमूट गेलो, आणि मग मी म्हटलं की आता शौचालयं पाहते. तिथे रंग नव्हता आणि दारंही नव्हती. नियमात आडोसा लिहिलेला आहे. अधिकारी म्हणाले, सुरक्षा. डॉक्टरांनी विचारलं की कमरेएवढं दार लावलं तर सुरक्षेचं काय बिघडेल. त्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. माणूस वाईट नव्हता, ताई. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता एवढंच.

दाराशी नियमांचा मोठा फलक आहे. एका म्हाताऱ्याला मी विचारलं की आजोबा, हे वाचलंत का. त्यांनी मान डोलावली. कुठल्या ओळीत काय लिहिलंय विचारलं तर पुन्हा मान डोलावली. माझ्या पिशवीत भिंगं होतीच. एक डोळ्यासमोर धरलं तेव्हा त्यांनी पहिलीच ओळ मोठ्याने वाचली आणि मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. ते तिथे किती वर्षं आहेत ते मी विचारलं नाही, माझं धाडस झालं नाही.

सध्या उजेडाचं प्रकरण वाचतेय, माझा धंदाच तो. खिडकी एवढी हवी की दिवसा तिच्या उजेडात वाचता यावं. पंखा असो नसो, बाहेरची हवा आत यायला हवी. कोठडीत एकट्याला ठेवलेल्या कैद्यालाही हेच लागू. अंधारात ठेवणं ही शिक्षा कुणालाही, कशाहीसाठी देता येत नाही. तुमच्याकडे शिक्षेच्या कोठड्यांना खिडक्या कशा आहेत गं? विचारून बघ.

आणि एक. रागावू नकोस. पुस्तकात आहे की कैद्याला अधिकाऱ्याच्या घरच्या कामाला लावायचं नाही, त्याने हौसेने केलं तरी. तुझा माळी कोण?

तुझ्या लोभावर जगणारी,
बारकी


ता. १६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला उत्तर लिहायला वेळ लागला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

माळ्याचं आधी. हो, तो कैदी आहे. सकाळी शिपाई आणून सोडतो, दुपारी नेतो. प्रत्येक बंगल्यावर असा कुणीतरी असायचाच, म्हणून मी कधी त्याकडे निराळं म्हणून पाहिलंच नाही. भावाभावांचं भांडण, त्याच्या हातून भाऊ गेला, एवढं माहीत होतं. मी त्याला दुपारी जेवायला देते, जुने कपडे देते, आणि मनातल्या मनात स्वतःला चांगली समजते. तुझं पत्र आल्यावर त्याला विचारलं की तुला या कामाचे पैसे मिळतात का. तो म्हणाला की आतल्या कारखान्यात मिळतात, इथे नाही. मग तिथे का जात नाहीस? त्याने वर बोट दाखवलं. मला वाटलं देवाकडे. तो म्हणाला, बाई, ऊन.

आता खिडक्यांचं. ह्यांना विचारलं तर म्हणाले की कोठड्यांत दिवा आहे. मी म्हटलं मी खिडकी विचारतेय. तर तुझ्या नावाने सुरुवात झाली की बारकीला म्हणावं उंटावरून शेळ्या हाकू नकोस, एक महिना तुरुंग चालवून दाखव. पण गच्चीत कपडे वाळत घालायला गेले तेव्हा समोर पाहिलं. आमच्या गच्चीसमोर तुरुंगाची मागची भिंत आहे. जुनी, काळपट. तिच्यात एका ओळीत चौकोन आहेत, जरा लालसर, नव्या विटांचे. मी रोज त्या भिंतीकडे तोंड करून कपडे पिळते. मला आपलं वाटायचं, डागडुजी केली असेल. बारके, त्या खिडक्या आहेत. विटांनी बुजवलेल्या.

माळ्याला विचारलं की त्या भिंतीमागे काय आहे. तो झारीने एकाच रोपाला पाणी घालत राहिला, वाफा तुडुंब भरला तरी. मग म्हणाला की तिथे स्वतःचा हात दिसत नाही. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं म्हणून त्याला एकदा तिथे ठेवलं होतं. दिवा बाहेर बोळात आहे, दाराच्या फटीतून येईल तेवढाच. बाहेर काढलं तेव्हा उजेडाने डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि शिपायाला वाटलं हा रडतोय. तेव्हापासून तो उन्हातलं कुठलंही काम, फुकट का होईना, मागून घेतो.

मी त्या संध्याकाळी ह्यांचे बूट उचलून जागेवर ठेवले नाहीत. एवढंच केलं. त्यांनीही विचारलं नाही.

तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत आहे. तिथे राहणाऱ्या बाईने काय करावं ते लिहिलंय का?

तुझी,
ताई


ता. २२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी दुकान लवकर बंद केलं.

मी इथल्या तुरुंगाची सदस्य आहे, तुमच्या नाही. तरी न्यायालयाने नेमताना आमच्याकडून लिहून घेतलंय की कुठल्याही तुरुंगात असं काही चाललेलं कळलं तर अध्यक्षांना सांगायचं. आता ते मला कळलं आहे. मी बहीण म्हणून वाचलं असं म्हणू शकते, पण वाचणारे डोळे एकच आहेत. तू मला आणखी काही लिहू नकोस, किंवा लिहायचंच असेल तर सगळं लिही. अर्धंमुर्धं मला झेपणार नाही.

आमची पुढची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर मी कुणाकडे चकार शब्द काढणार नाही. त्याआधी भाऊजींनी स्वतःहून काही केलं तर उत्तमच. नाही केलं तर मला बोलावं लागेल, आणि मग त्यांचं जे काही होईल त्याला मी कारण असेन. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे, मला अजिबात चालणार नाही.

माळ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. नियमाने त्याचं काम बंद व्हायला हवं, आणि बंद केलं तर त्याचं ऊन जातं. पुस्तक लिहिणाऱ्याला हे सुचलं नसावं.

प्रेम कमी करू नकोस.
बारकी


ता. २६ फेब्रुवारी

चि. बारकीस,

तुझं पत्र मिळालं. ते मी ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आहे. त्यांनी अजून उघडलेलं नाही.

ताई


ता. ९ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. मला कळवण्याची सवय आहे. तेव्हा कागदावर ‘कळविण्यात येते की’ असं कुठे आलं तर खोडून वाचावं.

तुझं पत्र मी वाचलं. राग आला. तो तुझा होता, तुझ्या बहिणीचा होता की माझा मलाच, हे अजून ठरलेलं नाही. खिडक्यांचं खरं आहे. माझ्याआधीच्या अधिकाऱ्याच्या काळात एक कैदी गज कापून निसटला, तेव्हा त्यांनी त्या बुजवल्या. मी रुजू झालो तेव्हा इमारत होती तशी ताब्यात घेतली आणि कागदावर ‘प्रकाशव्यवस्था: विद्युत’ असं पाहून सही केली. दिवा बोळात आहे हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

तुझ्या बहिणीने आत येऊन पाहायचं म्हटलं. मी म्हणालो, परवानगी लागते. तिने विचारलं की परवानगी देतो कोण. मी देतो, असं मला सांगावं लागलं.

मंगळवारी दुपारी तिला नेलं. एक कोठडी रिकामी होती. ती आत गेली आणि ते जाडजूड लोखंडी दार लावा म्हणाली. मी लावलं, आणि हाताच्या सवयीने बोल्टही सरकवला. माझ्या शेजारी शिपाई उभा होता. मला वाटलं ती आता काहीतरी विचारील, कारण गेले दोन महिने आमच्या घरी प्रश्नावाचून जेवण झालेलं नाही. काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, मुद्दाम गप्प आहे, मला शिकवतेय. म्हणून मीही मुद्दाम थांबलो. शेवटी दार उघडलं तर ती दाराला अगदी लागून उभी होती. हात वर, मूठ आवळलेली. ती सगळा वेळ मला हाका मारत होती.

दर तपासणीला मी सांगत आलो आहे की कोठडीतून कुणी हाक मारली तर पहाऱ्यावर ऐकू जाते. ते खोटं बोलायचं म्हणून नव्हे, माझा तसा विश्वास होता. शिपायाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, साहेब, लाथा मारल्या तर येतं ऐकू.

त्या दिवशीच कोठड्या रिकाम्या केल्या. वरिष्ठ कार्यालयाला मी अहवाल धाडला आहे आणि त्याची प्रत तुमच्या अध्यक्षांना. त्यात माझं नाव आहे, तुझ्या बहिणीचं नाही. तिचं नाव येऊ नये एवढी विनंती आहे. तुला बैठकीत बोलावं लागू नये म्हणून हे केलेलं नाही, पण बोलावं लागणार नाही हेही खरं.

एक शंका. खिडकी ‘वाचता येईल एवढी’ म्हणजे केवढी? मापाने कळवावं.

तुझे,
भाऊजी


ता. १४ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ह्यांनी तुला लिहिलं हे मला टपालवाल्याकडून कळलं. काय लिहिलं ते ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. हल्ली आमच्याकडे प्रश्न विचारायचं काम त्यांनी घेतलंय.

मला त्या दाराबद्दल तुला सांगायचं आहे. दार लागलं तेव्हा पहिल्यांदा मला हसूच आलं, आपण लपाछपी खेळायचो तसं. मी सहज विचारलं की अहो, इथे बसायचं कुठे. उत्तर नाही. मी म्हटलं, पुरे आता, उघडा. उत्तर नाही. मला ठाऊक होतं की ते हातभर अंतरावर आहेत, किल्ली त्यांच्याकडे आहे, आणि ते माझे नवरे आहेत. हे सगळं ठाऊक असूनही मी दाराला चिकटून हाका मारायला लागले. भिंत चाचपली तर ती ओली होती, आणि माझा हात माझाच आहे की काय असं वाटलं. ज्याला यातलं काहीच ठाऊक नसतं त्याचं काय होत असेल, याचा विचार मी आता करते. तेव्हा केला नाही. तेव्हा मी फक्त माझाच विचार करत होते.

घरी आलो. ते बूट न काढता खुर्चीत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले की तू केव्हापासून हाक मारत होतीस. मी म्हटलं, पहिल्यापासून. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि आत जाऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं.

तुझ्यावरही राग होता हे लपवत नाही. तू लिहिलंस तेव्हा मला वाटलं, हिचं काय जातंय, चष्मे विकते आणि आमचा संसार तपासते. दोन दिवस तुझ्याशी मनात भांडले. तू लहानपणी कधी हरली नाहीस, मनातही हरेनास.

माळ्याचं काम मी बंद केलं. त्याला वाटलं, त्याने मला सांगितलं म्हणून ही शिक्षा. मी समजावलं की नियम तुझ्या भल्यासाठी आहे. तो म्हणाला की बाई, त्या नियमाने माझी सकाळ गेली. तो गेल्यावर मी स्वतः झारी घेतली, पण मला ते जमत नाही. गुलाब माना टाकायला लागलेत. तुझं कलम राहिलंच.

सध्या एवढंच. पत्र पाठव, छोटंसं का होईना.
तुझी,
ताई


ता. २० मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

बैठकीत न्यायाधीशांनी भाऊजींचा अहवाल वाचून दाखवला. मी सुरुवातीलाच सांगितलं की हे माझे भाऊजी आहेत, म्हणून या विषयावर मी मत देणार नाही, आणि बाहेर जाऊन बसले. दाराबाहेर बसून आत काय चाललंय ते ऐकू येत नाही, हे मलाही त्या दिवशी कळलं. नंतर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की न्यायालयाने तुमचा तुरुंगही आमच्या समितीकडे सोपवलाय, आणि तिथली पाहणी न्यायाधीश आणि ते दोघेच करतील. एवढंच.

भाऊजींना सांग, खिडकीचं माप मी वेगळ्या कागदावर काढून सोबत जोडलंय. नुसती रुंदी पाहून चालणार नाही, भिंत जाड असेल तर उजेड तिच्यातच अडकतो, म्हणून आतली कड तिरपी तासून घ्यायची. आणि जाळी लावलीत तर बारीक लावू नका.

माळ्याला कारखान्याऐवजी तुरुंगाच्याच भाजीच्या मळ्यात, रीतसर मजुरीवर लावता येत नाही का? तुमच्याकडे मळा आहे का, हे मी विचारलंच नाही कधी.

तू माझ्याशी भांडत होतीस ते मला इथे कळत होतं. उचक्या लागत होत्या.

तुझ्या रागालाही लोभ समजणारी,
बारकी


ता. ३ जून

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मधे पाठवलेली माझी दोन-चार ओळींची पत्रं म्हणजे नुसती पोच होती. आता सवड आहे, सगळं सांगते.

वरिष्ठ कार्यालयाचं उत्तर आलं की प्रस्तावाचा विचार पुढच्या वर्षीच्या तरतुदीत करण्यात येईल, तोवर सुरक्षाव्यवस्थेत ढिलाई नको. ह्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तुरुंगातल्याच गवंडीकाम करणाऱ्यांना, ठरलेल्या मजुरीवर, विटा काढायला लावलं. मी गच्चीत उभी होते. पहिली वीट आतून बाहेर पडली तेव्हा धुरळा उडाला आणि मागून कुणीतरी खोकलं. गज नवे, जाड आहेत. जाळी तू म्हणालीस तशीच. हे तुझा कागद घेऊन स्वतः आतली कड तासून घेत होते, त्यांच्या भुवयांवर चुना.

त्याचं बक्षीसही आलं. विनापरवानगी सरकारी बांधकामात फेरफार केल्याबद्दल खुलासा मागवलाय. बढती थांबली आहे. निवृत्तीपर्यंत याच पदावर राहतील, किंवा त्याआधी आणखी एखादी बदली. खुलासा त्यांनी एका ओळीत लिहिला, नियमाचा आकडा आणि खाली सही. मी म्हटलं, जरा सविस्तर लिहा, नम्रपणे लिहा. ते म्हणाले की आजवर सविस्तरच लिहीत आलो. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. रात्री कूस बदलताना मला कळतं. पण जेवण जातं आणि झोपही लागते.

तुमचे न्यायाधीश आणि डॉक्टर येऊन गेले. त्यांनी आणखी पुष्कळ काढलं, पांघरुणं, भेटीच्या खोलीतली दुहेरी जाळी, ज्यातून बोललेलं ऐकायला दोन्हीकडचे लोक ओरडतात. हे प्रत्येक गोष्ट लिहून घेत होते, आणि एक-दोन त्यांनी स्वतःच दाखवली. तक्रारपेटी आता बराकीत आहे आणि किल्ली न्यायालयाच्या माणसाकडे. पहिल्याच आठवड्यात ती भरली. ह्यांच्याविरुद्धही दोन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत त्यांच्या बुटांच्या आवाजाची तक्रार होती की पहाटे झोपमोड होते. ती त्यांना मान्य आहे.

भाजीचा मळा आहे, पडीक होता. परवानगीला दीड-दोन महिने लागले आणि तेवढे दिवस माळी कारखान्यात छपराखाली होता, हे मला टोचत राहिलं. आता तो मळ्यात आहे, मजुरी मिळते. गच्चीच्या कोपऱ्यातून मळ्याचा एक तुकडा दिसतो. मी दिसले तरी तो वर पाहत नाही. ठीक आहे, त्याचं बरोबर आहे. आमचे गुलाब गेले, तिथे आता काही नाही.

त्या खोल्यांमधे आता कुणाला ठेवलं तर उजेडात ठेवतात. फक्त एक भानगड झाली. खिडक्या आमच्या गच्चीकडे तोंड करून आहेत. कार्यालयातून कुणीतरी सुचवलं की अधिकाऱ्याचं घर कैद्यांना दिसू नये म्हणून मधे पत्रा ठोकावा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं की कपडे मी वाळत घालते, मला चालतंय. पत्रा ठोकला तर मग विटा काय वाईट होत्या.

तर काल दुपारी मी पलंगावरची मोठी चादर दोरीवर टाकत होते. समोरून कुणीतरी बाई म्हणून हाक मारली. आधी मला वाटलं, खालून. मग पुन्हा आली, भिंतीतून. चेहरा दिसत नव्हता, जाळीमागे नुसता आकार. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. खाली जावं असं मनात आलं. पण मी विचारलं की काय हवंय.

तो म्हणाला की काही नको. शेजारच्या खोलीतला आणि तो, दोघांची पैज लागली आहे. ही चादर लाल आहे असं त्याचं म्हणणं, आणि शेजारचा म्हणतो की केशरी. तेवढं सांगता का.

मी चादर नीट पसरली, सुरकुत्या काढल्या, उन्हाकडे धरून पाहिली. मग सांगितलं की दोघेही हरलात, डाळिंबी आहे.

मग भिंतीमागे दोन माणसं हसली, आणि त्यातल्या एकाने विचारलं की बाई, डाळिंबी म्हणजे नक्की केवढं लाल?

याचं उत्तर मला देता आलं नाही. रंगांची माहिती तुला जास्त, म्हणून विचारते. सावकाश कळव, ते तिथेच आहेत आणि मीही इथेच आहे, निदान पुढच्या बदलीपर्यंत.

तुझी,
ताई